घडीमावशींनी मान वर केली

आमच्या घरात टॉवेल वाळत घालायला कुणालाही परवानगी आहे, घडी घालायला नाही. तो मान माझ्या सासूबाईंचा. लग्न होऊन मी नवीन आले होते तेव्हा एकदा मोठ्या हौसेनं सगळे धुतलेले कपडे घड्या घालून कपाटात रचले. संध्याकाळी पाहते तर सगळा ढीग पलंगावर आणि सासूबाई एकेक कपडा झटकून, काठाला काठ जुळवून पुन्हा घडी घालतायत. मला बघून म्हणाल्या, "वाईट नको वाटून घेऊस. तुझी घडी चांगलीच आहे. पण ती कपाटात ठेवायची घडी आहे."

म्हणजे काय, ते मी त्यांचं काम बघितलं तेव्हा कळलं. सासूबाई सैन्याच्या पॅराशूटांच्या घड्या घालतात. विमानतळाच्या मागच्या बाजूला एक लांबच लांब हॉल आहे. आत खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणारी गुळगुळीत टेबलं. त्यांच्यावर पॅराशूट पसरतात, दोऱ्या विंचरल्यासारख्या सरळ करतात, कापडाच्या पाकळ्या एकावर एक बसवतात आणि एवढं मोठं ते प्रकरण उशीएवढ्या पिशवीत कोंबतात. कोंबतात असं मी म्हणते. सासूबाईंसमोर हा शब्द काढला तर त्या दिवशीचा चहा विसरायचा. तिथे सगळे पॅराशूटला नुसती छत्री म्हणतात आणि सासूबाईंना घडीमावशी. विमानातून उडी मारणाऱ्या धिप्पाड पोरांपासून हॉलच्या मुकादमांपर्यंत सगळ्यांच्या त्या मावशीच.

पुढे त्याच हॉलमध्ये मलाही तपासनिसाची जागा मिळाली. प्रत्येक घडी पाटी लागण्याआधी तपासायची आणि काम संपलं की प्रत्येक टेबलावरची हत्यारं मोजून घ्यायची, हे माझं काम. तेव्हा आमच्याकडे असा प्रकार आहे की घरी सासूबाई माझी घडी तपासतात आणि कामावर मी त्यांची. आमच्या ह्यांना याची फार गंमत वाटते. हे शाळेची बस चालवतात आणि जमिनीवरून दोन फूट वर गेले की यांना घेरी येते. घरातला बल्ब मी बदलते. अशा आईच्या पोटी असा मुलगा कसा आला, हा प्रश्न हॉलमध्ये सगळ्यांनी मला विचारून झालेला आहे.

आता थोडं देशाबद्दल सांगायला हवं, त्याशिवाय सासूबाई कळायच्या नाहीत. आमचा देश मध्यम. जगाच्या नकाशात तो सापडायला वेळ लागत नाही, पण त्याचं नाव आत बसवायला छापणाऱ्याला अक्षरं जरा बारीक करावी लागतात. सैन्य आहे, नौदल आहे, विमानं आहेत. सगळं आहे आणि कशाचीच रेलचेल नाही. जगातल्या सैन्यांची क्रमवारी पेपरात आली की हे वरून वाचायला लागतात आणि मधोमध येऊन थांबतात. "आहोत, जिथं होतो तिथंच आहोत," असं समाधानानं सांगून चहा मागतात.

सासूबाईंना हे मधोमध असणं अजिबात कमीपणाचं वाटत नाही. त्यांचं म्हणणं वेगळंच आहे. "मोठ्यांचं काय गं," त्या म्हणतात, "त्यांचं चुकलं तरी त्यांना विचारणार कोण? आणि अगदी चिमुकल्या देशांकडून कुणाची अपेक्षाच नसते. चूक परवडत नाही ती आपल्याला. आपलं एकदा चुकलं की लोक म्हणणार, बघा, उगाच उड्या मारत होते." हे त्या अगदी गंभीरपणे म्हणतात. उड्या मारण्यातला विनोद त्यांच्या लक्षातही येत नाही.

त्यांच्या तरुणपणी आमच्या सैन्याच्या सगळ्या छत्र्या एका बड्या देशाकडून यायच्या. त्या देशाला हॉलमध्ये 'थोरले' म्हणतात. थोरल्यांचं आणि आमचं तसं बरं होतं. मग एकदा सीमेवर कुरबूर झाली, थोरल्यांना आमची भूमिका पटली नाही आणि त्यांनी छत्र्या पाठवायचं बंद केलं. उडी मारणारे जवान तयार, विमानं तयार आणि छत्र्या जुन्या, ठिगळं लावलेल्या. तेव्हा सासूबाई तंबू आणि दुकानांवरच्या कनाती शिवणाऱ्या कारखान्यात शिलाई मशीनवर होत्या. सैन्याची माणसं तिथे आली आणि म्हणाली, कुणाला कापडाचं कळतं? सासूबाई उभ्या राहिल्या. नम्रता वगैरे त्यांच्या गावी नाही. "मला कळतं," म्हणाल्या, "बाकीच्यांना मी शिकवते."

पहिली देशी छत्री शिवली गेली तेव्हा घडी घालायला हत्यारंसुद्धा नव्हती. दोऱ्या ओढून घ्यायला लांब दांड्याचा हुक लागतो, तो सासूबाईंनी पावसाळी छत्रीच्या मोडक्या काडीला वाकवून केला. तो हुक अजून त्यांच्या लॉकरमध्ये आहे. नव्या माणसाला तो दाखवल्याशिवाय त्या कामाला हात लावू देत नाहीत. आम्ही सगळ्यांनी तो इतक्यांदा पाहिलाय की आता डोळे मिटूनही काढून दाखवू.

हॉलचे नियम भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवलेले आहेत. घडी घालताना बोलायचं नाही. मान वर करायची नाही. मध्येच थांबावं लागलं तर घडी मोडून पहिल्यापासून सुरू करायची. एखादं हत्यार मोजणीत कमी आलं तर त्या दिवशी बांधलेली प्रत्येक छत्री उघडायची, मग पंतप्रधान दारात उभे असले तरी. आणि सगळ्यात खाली, लाल रंगात: घडी घालणाऱ्याला त्याच्याच घडीवर उडी मारायला साहेब कधीही सांगू शकतात. म्हणून हॉलमधला प्रत्येक जण उडी शिकलेला असतो. सासूबाईंनीही दर वर्षी मारलेली आहे. पन्नाशीनंतर सूट मिळते, तेव्हा त्या सूट मिळाल्याबद्दल आठवडाभर रुसून बसल्या होत्या.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे गेल्या वर्षीचा संयुक्त सराव. अनेक देशांची शांतिसेना एकत्र उडी मारणार होती आणि यजमान आम्ही. थोरले येणार होते. त्यांच्याशिवाय आमच्याहून लहान असे तीन-चार देशही येणार होते. शांतिसेनेत आजवर थोरल्यांच्याच छत्र्या वापरायचे. आता पहिल्यांदाच आमच्या छत्र्या वापरून बघायच्या असं ठरलं होतं. सगळे देश आमच्या छत्र्यांनी उतरले तर यापुढे शांतिसेनेच्या छत्र्या आमच्याकडून जाणार, नाहीतर राहिलं. ज्यांनी एकेकाळी आम्हाला छत्र्या नाकारल्या त्यांची पोरं आमच्या छत्रीखाली उतरणार, या नुसत्या कल्पनेनं सासूबाई महिनाभर जमिनीवर चालत नव्हत्या. वर्षअखेरीला त्या निवृत्त होणार होत्या. "एवढं झालं की मी सुखानं घरी बसेन," म्हणायच्या. त्या घरी बसल्यावर माझ्या घड्यांचं काय होणार, हा विचार मी करायचंच टाळायचे.

पाहुणे आले त्याच दिवशी मिठाचा खडा पडला. थोरल्यांचे जनरल चहा घेताना आमच्या कर्नलसाहेबांना अगदी गोड शब्दांत म्हणाले की, तुमच्या छत्र्या उत्तमच असणार, पण आमची मुलं आपली सवयीचीच छत्री घेतील. दुभाषी मुलीनं ते आणखी गोड करून सांगितलं. तरी सगळ्यांचे चेहरे पडले. थोरल्यांनी घेतल्या नाहीत तर बाकीचे तरी कशाला घेतील? कर्नलसाहेब म्हणाले, निदान आमचा हॉल बघून मग ठरवा. जनरल हो म्हणाले. म्हणून ठरलं की सरावाच्या छत्र्यांच्या घड्या उडीच्याच दिवशी सकाळी पाहुण्यांसमोर घालायच्या आणि दुपारी उडी.

त्या सकाळी हॉलमध्ये टाचणी पडली तरी ऐकू आली असती. सगळे माना खाली घालून कामाला लागलेले. मी टेबलांमधून फिरत होते. दहाच्या सुमारास पाहुणे आले. जनरल पुढे, त्यांच्या मागे इतर देशांचे अधिकारी आणि सगळ्यात शेवटी पांढऱ्या मिशांचे एक वयस्कर हवालदार. ते थोरल्यांकडचे घडीवाले होते, हे सांगावं लागलं नाही. बाकी पाहुणे माणसांकडे बघत होते, हे गृहस्थ हातांकडे. कॅमेरेवाला इकडून तिकडे पळत होता. सासूबाईंच्या टेबलाशी घोळका थांबला. कॅमेरेवाला म्हणाला, "मावशी, जरा इकडे बघा की."

मी पलीकडच्या टेबलाजवळ घडी तपासत होते, मला फक्त त्याचा आवाज आला. मग घोळका पुढे सरकला.

बाराला काम संपलं. बांधलेल्या छत्र्या पाटी लावून मांडणीत गेल्या. सगळ्या एकसारख्या, एकात एक मिसळलेल्या. मी मोजणी सुरू केली. प्रत्येक टेबलाला एक ट्रे असतो आणि ट्रेमध्ये प्रत्येक हत्याराच्या आकाराची खाच. खाच भरलेली दिसली की पुढे. मी सासूबाईंच्या टेबलाशी आले. वजनाच्या पिशव्या होत्या, पट्टी होती, कात्री होती. हुकाची खाच रिकामी होती.

मला आधी वाटलं मीच नीट बघितलं नाही. सासूबाईंकडे पाहिलं. त्या ट्रेकडे बघत होत्या आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. बाई कधी घाबरलेली मी पाहिलीच नव्हती. एकदा घरात साप निघाला होता तेव्हासुद्धा त्यांनी त्याच्यावर नुसता आवाज चढवला होता.

मुकादम माझ्या मागेच होते. माणूस चांगला, पण त्या दिवशी त्यांच्यावर वरून एवढा दबाव होता की घामानं शर्ट अंगाला चिकटला होता. ते वाकून हळूच म्हणाले, "मावशी, तुमचा जुना हुक आहे ना लॉकरमध्ये? ठेवा तो खाचेत. आज छत्र्या जाऊ देत. हा कुठेतरी टेबलाखाली सापडेल, जातो कुठे?" आणि डोळ्यांनीच दाराकडे खूण केली. दारात पाहुणे उभे होते.

मी काही बोलणार तेवढ्यात सासूबाईंनी हात वर केला, शाळेतली मुलगी करते तसा, आणि अख्ख्या हॉलला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाल्या, "माझा हुक नाही!"

मी मोजणी चुकल्याचा लाल दिवा लावला. दारं बंद झाली. टेबलांखाली, कचऱ्याच्या डब्यांत, एप्रनच्या खिशांत, सगळीकडे शोधून झालं. हुक नव्हता. कर्नलसाहेब आले. त्यांनी विचारलं, "मावशी, आत राहिला असण्याची शक्यता किती?"

"शक्यताबिक्यता मला माहीत नाही साहेब. हुक नाही, एवढं माहीत आहे."

"दुपारची उडी..."

"भिंतीवर काय लिहिलंय?"

कर्नलसाहेब भिंतीकडे बघत राहिले. एका बाजूला जगभरचे पाहुणे, मंत्र्यांचे सारखे येणारे फोन, चार वर्षांची खटपट. आणि दुसऱ्या बाजूला रंगवलेली ओळ. मला त्या क्षणी त्यांची दया आली. मग ते म्हणाले, "उघडा सगळ्या," आणि मंत्र्यांना फोन करायला बाहेर गेले. बाहेरून त्यांचा आवाज येत होता. त्यात 'हो साहेब' जास्त होतं आणि 'नाही साहेब' एकदाच, पण ते चांगलं ठणठणीत होतं.

सकाळभर घातलेल्या घड्या, कुठली कुणाची ते न बघता, आम्ही ओळीनं एकेक करून मोडायला लागलो. पाटी काढायची, पिशवी सोडायची, कापड पूर्ण पसरायचं, प्रत्येक पाकळीत हात घालायचा. इतर पाहुणे कंटाळून जेवायला गेले. जनरल थोडा वेळ थांबले आणि तेही गेले. मिशीवाले हवालदार मात्र गेले नाहीत. त्यांनी कोट काढला, बाह्या वर केल्या आणि दुभाषी मुलीला पुढे घालून सासूबाईंपाशी आले. मुलगी म्हणाली, "हे म्हणतात, मी मदत करू का?"

"त्यांना सांग, आमच्या टेबलाला बाहेरच्या माणसाचा हात लागत नाही," सासूबाई मान वर न करता म्हणाल्या. "आणि सांग की राग नको."

मुलीनं चाचरत सांगितलं. मिशीवाले हसले, मान डोलावली आणि मागे जाऊन टेबलांभोवती जमिनीवर आखलेल्या पिवळ्या पट्ट्याच्या पलीकडे हात पाठीमागे बांधून उभे राहिले. संध्याकाळ होत आली तरी तिथेच उभे होते. कुणीतरी खुर्ची दिली, ती त्यांनी कोट ठेवायला वापरली.

निम्म्याहून जास्त छत्र्या उघडून झाल्यावर हुक सापडला. तिसऱ्या पाकळीच्या घडीत, दोऱ्यांमध्ये गुंतलेला, बाहेरून तपासताना मलाही न दिसलेला. ही छत्री हवेत गेली असती तर उघडली असती की नसती, ते देवच जाणे. पाटी उलटून घडी घालणाऱ्याचं नाव बघायची गरज नव्हती, घडीचे काठ बघूनच मला कळलं. ती सासूबाईंची घडी होती. मी हुक त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो ट्रेच्या खाचेत ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. वर्षानुवर्षं ज्यांनी आम्हाला धारेवर धरलं त्यांची चूक सापडली होती, पण कुणाला बरं वाटलं असेल तर मी नाव बदलीन.

नियमाप्रमाणे उरलेल्या छत्र्याही उघडल्या, सगळ्या घड्या सकाळी नव्यानं घालायच्या ठरल्या आणि उडी दुसऱ्या दिवसावर गेली. घरी आल्यावर सासूबाई पलंगावर बसल्या. शेजारी वाळलेल्या कपड्यांचा ढीग होता. त्यांनी एक टॉवेल मांडीवर घेतला आणि तसाच धरून बसल्या. मी शेजारी बसले.

"मी हसले गं," त्या म्हणाल्या. "तो म्हणाला इकडे बघा, आणि मला वाटलं, बघू दे एकदा थोरल्यांना. दिसू दे त्यांना की कोण घालतं या घड्या. मान वर केली आणि चक्क हसले. मग घडी मोडून पहिल्यापासून घ्यायची ना? नाही घेतली. जिथं होते तिथून पुढे गेले. मी! दुसऱ्या कुणी केलं असतं तर मी तिला हॉलमध्ये पाऊल ठेवू दिलं नसतं."

"पण तुम्ही सांगितलंत ना, आई."

"सांगितलं म्हणजे उपकार केले? आता त्या माणसांनी आपल्या छत्र्या का घ्याव्यात? मी असते तर नसत्या घेतल्या." आणि मग त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. टॉवेल हातात होताच, पण तो त्यांनी डोळ्यांना लावला नाही, हातानंच पुसलं. थोड्या वेळानं उठल्या आणि म्हणाल्या, "उद्या मी उडी मारणार."

हे दारातच उभे होते. म्हणाले, "आई, तुझं वय काय, तू बोलतेस काय!"

"तू आधी स्टुलावर चढून बल्ब बदल, मग मला शहाणपण शिकव."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही हॉलमध्ये पोचलो तेव्हा कर्नलसाहेब आधीच आलेले. सासूबाई सरळ त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि भिंतीवरच्या लाल ओळीकडे बोट दाखवलं.

"मावशी, त्यात लिहिलंय की साहेब सांगू शकतात. घडी घालणाऱ्यानं मागायचं असं नाही लिहिलेलं."

"मग सांगा."

"पन्नाशीनंतर सूट आहे."

"सूट आहे. मनाई कुठंय?"

कर्नलसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं, बहुधा घरच्या माणसानं अडवावं म्हणून. खरं सांगते, अडवावंसं मलाही वाटत होतं. म्हातारीचं हाड मोडलं तर उरलेलं आयुष्य ती पलंगावरून माझ्या घड्या तपासणार, हेही डोळ्यांसमोर आलं. पण मी आदल्या संध्याकाळी त्यांच्या हातातला तो घडी न घातलेला टॉवेल पाहिला होता. मी म्हटलं, "साहेब, डॉक्टरांना विचारा. ते हो म्हणाले तर सांगून टाका." डॉक्टरांनी गुडघे दाबून बघितले, रक्तदाब बघितला आणि म्हणाले, माझ्यापेक्षा बऱ्या आहेत.

ज्या छत्रीत हुक सापडला होता तीच सासूबाईंनी घेतली. पहिल्यापासून घडी घातली. आजूबाजूला काय चाललंय याचा त्यांना पत्ता नव्हता. कॅमेरेवाला दारातूनच परत गेला. मी तपासली. आयुष्यात कुठलीही गोष्ट मी तितकी डोळ्यांत तेल घालून तपासली नसेल. मग त्यांनी ती स्वतःच्या पाठीवर चढवली. मी पट्टे आवळत होते तेव्हा माझ्या कानात म्हणाल्या, "मोजणी?"

"पूर्ण आहे, आई."

दुपारी मैदानावर मांडव घातला होता. सगळ्या देशांचे झेंडे, खुर्च्या, मंत्री, जनरल. हे बस बाहेर लावून आले होते आणि माझ्या शेजारी डोळे घट्ट मिटून बसले होते. विमान वरून आलं. दुभाषी मुलीनं पाहुण्यांना सांगितलं की आधी कोण उतरणार आहे आणि का. तिनं काल घडलेलं सगळं सांगितलं, हसण्यापासून हुकापर्यंत, काही झाकलं नाही. तसं सांगायला सासूबाईंनीच बजावलं होतं. जनरल ऐकता ऐकता ताठ बसले.

एक ठिपका विमानातून सुटला. विमानाला बांधलेली दोरी ताणली गेली की छत्री आपोआप उघडते, हे मला पाठ आहे. तरी ती उघडेपर्यंत मी मनातल्या मनात घडीचा एकेक काठ पुन्हा तपासत होते. मग ती फुलली, गोल, भरलेली, एकही दोरी वाकडी नाही. मी ह्यांचा हात एवढ्या जोरात दाबला की ते ओरडले.

सासूबाई खाली आल्या, एका कुशीवर लोळल्या, जराशा बसून राहिल्या आणि उठल्या. सगळा मांडव उभा राहून टाळ्या वाजवत होता. मी धावत निघाले. माझ्याआधी जनरल पोचले होते, लांब लांब ढांगा टाकत, हात पुढे करून. मागे दुभाषी मुलगी पळत होती.

सासूबाई छत्री गोळा करत होत्या. कापड जमिनीवर फार वेळ राहिलं की धूळ धरतं, काटे लागतात, म्हणून उतरल्या उतरल्या ते आवरायचं असतं. त्यांनी जनरलकडे पाहिलंसुद्धा नाही. "त्यांना म्हणावं जरा थांबा," त्या मुलीला म्हणाल्या. "हात रिकामे नाहीत."

आणि थोरल्यांचे जनरल थांबले. छातीवर तेवढी पदकं असलेला माणूस हात खाली घेऊन उन्हात गप्प उभा राहिला आणि आमच्या सासूबाई कापडावरची गवताची काडी वेचत होत्या. माझा ऊर असा भरून आला की काय सांगू! मिशीवाले हवालदार मागून येऊन पोचले होते. ते गुडघ्यावर बसले आणि दोऱ्यांचं दुसरं टोक उचलून ताणून धरलं. सासूबाईंनी एकदा त्यांच्या हातांकडे पाहिलं. हे काही आमचं टेबल नव्हतं. "धरा," म्हणाल्या, "ढिली नका सोडू."

मिशीवाल्यांनी दोऱ्या धरल्या धरल्या वर बघून जनरलना एकच वाक्य सांगितलं. मी मुलीकडे पाहिलं. ती म्हणाली, "ते म्हणतात, साहेब, मी आपल्या मुलांना यांच्या छत्र्या बांधेन." जनरलनी मान हलवली आणि स्वतःच वळून धावपट्टीकडे निघाले. थोड्या वेळात थोरल्यांच्या पोरांनी पाठीवरच्या छत्र्या उतरवून गाडीत टाकल्या आणि आमच्या मांडणीपुढे रांग लावली. त्यांच्या मागे इतर देशांची पोरं.

विमानं पुन्हा वर गेली. सगळं मैदान आकाशाकडे बघत होतं. ह्यांनीसुद्धा डोळे उघडले होते. एकट्या सासूबाई खाली मान घालून कापडाचा शेवटचा काठ जुळवत होत्या.

"उघडल्या का गं?" त्यांनी मला विचारलं.

"उघडतायत."

"सगळ्या?"

मी थांबले. वर शेवटच्या विमानातून शेवटचा जवान सुटला, त्याची छत्री फुगली, आणि मग आकाशात बघावं तिकडे आमच्याच छत्र्या होत्या, आणि त्यांच्याखाली कुणाकुणाची लेकरं.

"सगळ्या, आई."

त्यांनी काठ जुळवला, पट्टा ओढला, पिशवी बंद केली. हात झटकले. मग त्यांनी मान वर केली आणि हसल्या. कॅमेरेवाला तेव्हा मंत्र्यांचा फोटो काढत होता.